गेजवर बूस्ट पूर्ण, तरी गाडी ओढत नाही: इंटरकूलर बदलण्याआधी काय मोजावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन लिटरची टर्बो पेट्रोल गाडी (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंप). सकाळी पहिल्यांदा छान पळते, पण लागोपाठ तीन-चार वेळा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की तिचा दम जातो. बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, दाखवणाऱ्या गेजचा काटा मात्र रोजच्याच जागी पोहोचतो. गॅरेजमध्ये मोठा इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा रेडिएटरसारखा भाग, बसवायला सांगितलं आहे, तो बसवावा का? आणि मित्राच्या सुपरचार्जरवाल्या (हवा दाबणारा पंप एक्झॉस्टऐवजी इंजिनाच्या पट्ट्यावर चालणाऱ्या) गाडीलाही असंच होतं, तर दोन्हींचं दुखणं एकच का?

दुखणं एकाच जातीचं आहे, जागा वेगळ्या आहेत. मोठा इंटरकूलर पुढेमागे लागेलही, पण आज घेऊ नका. आधी पाच आकडे मोजा: बाहेरच्या हवेचं तापमान, इंटरकूलरमध्ये शिरणाऱ्या आणि तिथून निघणाऱ्या हवेचं तापमान, आणि त्याच दोन ठिकाणचा दाब. वीस वर्षांपेक्षा जास्त काळ मी टर्बो आणि सुपरचार्जरची कामं करतो आहे. हे आकडे न घेता बसवलेले कितीतरी महागडे इंटरकूलर मी नंतर परत उतरवले आहेत.

गेज पूर्ण दाखवतं आणि गाडी ओढत नाही, हे आधी समजून घेऊ. गेज दाब दाखवतं. इंजिनाला दाब नको असतो, त्याला हवेचं वजन हवं असतं. सिलिंडरमध्ये जितके ग्रॅम हवा जाईल तितकंच पेट्रोल तिच्यासोबत जळू शकतं. आणि एकाच दाबाची हवा गरम असेल तर विरळ असते, थंड असेल तर दाट. तुमच्या गाडीत चौथ्या वेळी दाब तोच आहे, पण हवा तापलेली आहे. काटा जागेवर आणि ताकद कमी, याचं निम्मं कारण हे.

उरलेलं निम्मं कारण पेट्रोल इंजिनात जास्त त्रासदायक असतं. गरम हवा आत गेली की नॉकिंगचा धोका वाढतो, म्हणजे ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. इनटेक हवेचं तापमान वाढलेलं दिसताच कॉम्प्युटर स्पार्कचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद कमी होते, आणि नॉक सेन्सरला आवाज लागला तर आणखी मागे घेतो. काही गाड्यांत तो बूस्टही कमी करतो. तुमचा काटा खाली येत नाही, म्हणजे तुमच्याकडे बहुधा टायमिंगच कापलं जातंय. स्कॅनर लावून पहिल्या आणि चौथ्या धावेतलं टायमिंग शेजारी ठेवून बघा, लगेच कळेल.

आता ही उष्णता येते कुठून? बरेच जण म्हणतात, टर्बो एक्झॉस्टला चिकटलेला असतो म्हणून हवा तापते. थोडी तापते, पण मूळ कारण दाबणं हेच आहे. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक चटका बसेल इतकं गरम होतं, तिथे कुठला एक्झॉस्ट असतो? हवा दाबली की तापणार, आणि कंप्रेसर, म्हणजे टर्बोतला हवा दाबणारा भाग, जितका अकार्यक्षम तितकी जास्त तापणार.

हिशोब करून दाखवतो, कारण यावरच पुढचं सगळं उभं आहे. बाहेर ३० अंश सेल्सिअस धरा, म्हणजे ३०३ केल्विन. बूस्ट १ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबावर आणखी जवळपास तेवढाच, म्हणजे हवा दुप्पट दाबली गेली. कंप्रेसर अगदी आदर्श असता तरी हवा साधारण ६६ अंशांनी तापली असती. बऱ्यापैकी चांगल्या टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर वाढ ९५ अंशांची होते. म्हणजे टर्बोतून निघणारी हवा १२५ अंशांवर. दाब दुप्पट झाला, पण हवेची घनता दुप्पट झाली नाही. ती झाली बाहेरच्या हवेच्या १.५२ पट. उरलेली कमाई उष्णतेने खाल्ली.

मधे ७० टक्के परिणामकारकतेचा इंटरकूलर टाका. परिणामकारकता म्हणजे हवा बाहेरच्या तापमानापेक्षा जितकी वर गेली होती, त्यातला किती हिस्सा त्याने परत खाली आणला. ९५ पैकी ६६ अंश उतरले, हवा ५९ अंशांवर आली. घनता झाली १.८२ पट. पण हवा त्या बारीक नळ्यांतून जाताना थोडा दाबही गमावते. ०.१ बार गेला असं धरलं तर हातात १.७३ पट उरते. १.५२ वरून १.७३, म्हणजे जवळपास १४ टक्के जास्त हवा, आणि तीही नॉकिंगपासून कितीतरी दूर. ढोबळ नियम लक्षात ठेवायचा तर हवा १० अंशांनी थंड केली की साधारण ३ टक्के हवा जास्त मिळते.

याच हिशोबात मोठ्या इंटरकूलरची मर्यादाही दिसते. तो कितीही मोठा घेतला तरी हवेवर चालणारा इंटरकूलर हवेला बाहेरच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. ७० टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर गेलात तर आणखी १४ अंश मिळतील, म्हणजे ४ टक्क्यांच्या आसपास हवा. पण सध्याचा इंटरकूलर काही कारणाने ४० टक्क्यांवर घसरला असेल, तर तेच कारण दुरुस्त करून दुप्पट फायदा मिळतो, आणि तोही नवा भाग न घेता.

तुमचं वर्णन मला नेमकं याच दिशेला नेतं. पहिल्यांदा छान, नंतर मरगळ. होज, म्हणजे हवेची रबरी नळी, फाटला असता, तर गाडीने पहिल्या धावेपासूनच मार खाल्ला असता. इथे पहिल्या धावेला इंटरकूलरचं ॲल्युमिनियम थंड आहे, ते स्वतःच उष्णता पिऊन घेतं. दुसऱ्या-तिसऱ्या धावेला धातू तापला. आता त्याला बाहेरून वाहणाऱ्या हवेने थंड करायला हवं, आणि तिथेच काहीतरी अडतंय. उष्णता किती आहे याचा अंदाज घ्या. २०० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोरात सेकंदाला १५० ग्रॅम हवा ओढतं. तिचं तापमान ६६ अंशांनी उतरवायचं म्हणजे जवळपास १० किलोवॅट उष्णता बाहेर फेकायची, पाण्याच्या मोठ्या गिझरसारखे तीन-चार गिझर एकदम चालू ठेवल्यासारखं. समोरून वारा नीट येत नसेल तर ती उष्णता कुठेच जात नाही.

एक गाडी सांगतो. तिचीही तक्रार हुबेहूब तुमच्यासारखीच होती, आणि मालक नवा इंटरकूलर डिक्कीत घालूनच आला होता. मी आधी तीन थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, बसवले, एक इंटरकूलरच्या आधीच्या होजमध्ये, दुसरा नंतरच्या, आणि तिसरा ग्रिलसमोर सावलीत. लांब सरळ रस्त्यावर तिसऱ्या धावेला आकडे आले: शिरताना ११८, निघताना ७४, बाहेर ३४. हवा बाहेरच्यापेक्षा ८४ अंश वर होती, त्यातले उतरले फक्त ४४. परिणामकारकता ५२ टक्के. बंपर उतरवला तर कारण समोरच होतं. आधी कधीतरी बंपर ठोकला गेला होता, दुरुस्त करताना ग्रिलपासून इंटरकूलरपर्यंत हवा नेणारी काळी प्लॅस्टिकची डक्ट परत बसवलीच नव्हती, आणि कडेची फोमची पट्टीही गायब होती. वाहती हवा नेहमी सोपी वाट धरते. समोरून येणारा वारा फिनमधून, म्हणजे इंटरकूलरच्या नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांतून, घुसण्याऐवजी बाजूच्या फटीतून निघून जात होता. डक्ट आणली, कडेला नवी फोमपट्टी चिकटवली, फिनमधली माती मागून पुढे हलक्या पाण्याने धुतली. त्याच रस्त्यावर निघताना ५६ अंश, म्हणजे ७४ टक्के. डिक्कीतला इंटरकूलर परत गेला.

तर तुम्ही पहिलं काम हे करा. बंपरच्या आत टॉर्च मारून बघा. डक्ट आहे का, कडा बंद आहेत का, फिन वाकून एकमेकींना चिकटल्या आहेत का, मागे एसीच्या कन्डेन्सरच्या आणि इंटरकूलरच्या मधल्या फटीत पानं-किडे-माती साचली आहे का. ही मधली फट कुणी साफ करत नाही, कारण समोरून ती दिसत नाही. प्रेशर वॉशर फिनवर जवळून मारू नका, एका मिनिटात सगळ्या फिन आडव्या होतात. तुमचा इंटरकूलर बॉनेटखाली इंजिनाच्या वर बसलेला असेल, तर बॉनेटवरच्या वारा आत घेणाऱ्या तोंडाचं रबर बघा. तशा बैठकीत सिग्नलला उभं राहिलं की खालून इंजिनाची उष्णता त्याला भाजते, आणि हिरवा दिवा लागल्यावरची पहिली दोन मिनिटं गाडी जड वाटते. तो त्या बैठकीचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

दाबाचे दोन आकडेही घ्याच. इंटरकूलरच्या आधी आणि नंतर पूर्ण जोरात ०.१ बारपर्यंत फरक असला तर मी काळजी करत नाही. ०.२ च्या वर गेला तर आतून काहीतरी अडतंय किंवा कोअर, म्हणजे इंटरकूलरचा नळ्या-फिनचा गाभा, इंजिनाला लहान पडतोय. यात एक मेख आहे. हल्लीचा कॉम्प्युटर मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवतो. मधे दाब गेला तर तो टर्बोला आणखी जोरात फिरवून भरून काढतो. टर्बो जास्त फिरला की हवा जास्त तापते. बूस्ट गेजवर यातलं काहीच उमटत नाही, काटा जागेवरच असतो. उलट जुन्या साध्या वेस्टगेटच्या (एक्झॉस्ट बाजूला सोडून टर्बोला आवरणारी झडप) गाडीत चांगला इंटरकूलर बसवल्यावर काटा कधी थोडा खालीही दिसतो, आणि मालक घाबरतो. तिथे हवा जास्त जात असते, कारण दाट हवा इंजिन सहज गिळतं.

आता गळती. तुमच्या लक्षणांवरून ती मुख्य कारण वाटत नाही, पण एकदा तपासून मोकळे व्हा. गळतीची गाडी सुसकारते, पिकअप पहिल्यापासून मेलेला असतो, डिझेल असेल तर मागे काळा धूर सोडते. एअरफ्लो मीटर असलेली पेट्रोल गाडीही काळा धूर सोडते, कारण मीटरने मोजलेली हवा वाटेत निसटते आणि पेट्रोल मात्र पूर्ण हवेच्या हिशोबाने पडतं. होज हाताने चाचपून काही कळत नाही. एका डिझेल पिकअपवर मी अर्धा दिवस घालवला होता. होज वरून नवाकोरा, खालच्या अंगाला बोटाएवढी चीर, आणि ती चीर फक्त बूस्ट आल्यावर ओठासारखी उघडायची. एअर फिल्टरकडचा होज काढला, टर्बोच्या तोंडावर टायरचा व्हॉल्व्ह लावलेली टोपी क्लॅम्पने घट्ट बसवली, गॅरेजच्या हवेच्या कंप्रेसरने गाडीच्या नेहमीच्या बूस्टइतका दाब दिला आणि साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. चीर जिथे होती तिथे फेसाचं फूल उमललं. हे करताना टोपीच्या समोर उभं राहू नका, ती निसटली तर गोळीसारखी येते.

होज काढलाच आहे तर आत बोट फिरवा. तेलाचा पातळ थर असणं नेहमीचं, क्रँककेसच्या ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, तेलाची वाफ येतच असते. पण होज तिरका केल्यावर तेल ओतलं जात असेल, तर ब्रीदर तुंबलाय किंवा टर्बोचं सील गेलंय, आणि आधी ते बघायला हवं. डिझेलमध्ये ही गोष्ट अजिबात पुढे ढकलू नका. इंटरकूलरमध्ये साचलेलं तेल एकदम आत ओढलं गेलं तर इंजिन त्याच तेलावर पळत सुटतं आणि चावी काढूनही थांबत नाही. टर्बो फुटून बदलला असेल तर इंटरकूलर धुवायलाच हवा. कंप्रेसरच्या चाकाचे ॲल्युमिनियमचे कण त्यात अडकून बसतात. ते पूर्ण निघाले याची खात्री होत नसेल तर मी तो कोअर सरळ बदलतो.

पाणीही साचू शकतं. हवा दाबली की तिच्यातल्या बाष्पाचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याचं पाणी होतं तो, वर चढतो. त्यामुळे दमट, थंड दिवशी गाडी निवांत चालत असताना इंटरकूलरच्या तळाशी पाणी जमतं आणि एकदम ॲक्सिलरेटर दाबला की ते आत जाऊन इंजिन क्षणभर अडखळतं. जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांत हवा समुद्राच्या पाण्याच्या जोरावर थंड होते आणि समुद्रावरची हवा दमटच असते, म्हणून तिथे कूलरनंतर पाण्याचे थेंब पकडणारी वेगळी जाळी बसवलेली असते.

हे सगळं नीट निघालं, परिणामकारकता ७० च्या घरात आली, आणि तरीही तुम्हाला बूस्ट वाढवायचा आहे किंवा गाडी ट्रॅकवर न्यायची आहे, तर मोठा इंटरकूलर घ्या. घेताना जाडी बघून भुलू नका. जाड कोअरमधून वारा जाताना पुढच्या निम्म्या भागातच गरम होतो, मागचा निम्मा भाग गरम हवेनेच थंड करायचा प्रयत्न करत बसतो, आणि मागच्या रेडिएटरलाही तीच शिळी हवा मिळते. जाडीपेक्षा तोंडाचं क्षेत्रफळ जास्त हवं. टोकाच्या टाक्यांचा आकार असा हवा की हवा सगळ्या नळ्यांत सारखी वाटली जाईल. पाइप एका कोपऱ्यात काटकोनात जोडलेला असेल तर निम्म्या नळ्या उपाशी राहतात. लागोपाठ छोट्या धावांसाठी मी बार-अँड-प्लेट (जाड पट्ट्या-पत्र्यांचा) कोअर घेतो, त्यात धातू जास्त असल्याने तो उशिरा तापतो. रोजच्या वापराला हलका ट्यूब-अँड-फिन पुरतो, आणि तो लवकर थंडही होतो. मोठ्या इंटरकूलरने लॅग (ॲक्सिलरेटर दाबल्यावर बूस्ट यायला लागणारा उशीर) फार वाढतो अशी भीती घालतात, ती मला पटत नाही. चार-पाच लिटर जास्तीची जागा भरायला सेकंदाचा लहानसा भागच लागतो. टर्बोला वेग घ्यायला लागणारा वेळ त्याहून बराच मोठा असतो.

ही ओढाताण जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने एक्झॉस्टवर चालणाऱ्या सुपरचार्जिंगचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं, पण हवा थंड करण्याची खरी शर्यत लागली दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांत. पी-३८ लाइटनिंग या अमेरिकी लढाऊ विमानात सुरुवातीला पंखांच्या पुढच्या कडेचा पोकळ भागच इंटरकूलर म्हणून वापरला होता. कल्पना सुंदर, वाऱ्याला वेगळा अडथळा नाही. पण इंजिनं ताकदवान होत गेली आणि ती जागा पुरेना, इंजिनाची वाढलेली ताकद वापरताच येईना. शेवटी पी-३८ च्या ‘J’ मॉडेलमध्ये पंखातली ती रचना काढून इंजिनाच्या खाली, हनुवटीच्या जागी कोअर बसवावा लागला. तुमच्या बंपरमागच्या जागेचाही प्रश्न हाच आहे.

पाण्याच्या फवाऱ्याबद्दलही बरेच जण विचारतात. त्यात दम आहे. १ किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती हवेतून खेचली जाते. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये इंटरकूलर नव्हताच. पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारून नॉकिंग रोखलं जायचं, कारण त्या इंजिनाचं कंप्रेशन तब्बल १०.२५ होतं, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण सव्वादहाव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबलं जायचं. अडचण अशी झाली की लोक टाकी भरायला विसरायचे, आणि टाकी रिकामी झाली की यंत्रणा बूस्ट कापायची. ज्यांनी ही यंत्रणा बनवली त्यांनी निदान बूस्ट कापायची सोय ठेवली होती. आज बाजारातून आणून लावलेल्या किटवर टायमिंग पुढे घेतलं आणि पाणी संपल्यावर ते मागे घेण्याची सोय ठेवली नाही, तर काय होतं, ते कडा वितळलेला पिस्टन हातात धरून मी पाहिलं आहे. फवारा लावायचाच असेल तर पाण्याचा प्रवाह मोजणारा सेन्सर आणि प्रवाह थांबताच बूस्ट कमी करणारी जोडणी, हे दोन्ही असल्याशिवाय ट्यूनला, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या टायमिंग-बूस्टच्या आकड्यांना, हात लावू नका.

आता मित्राची गाडी. सुपरचार्जर एक्झॉस्टला चिकटलेला नसतो म्हणून त्याची हवा थंड असते, हा समज चुकीचा. रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर हवा आत दाबतच नाही. तो ती नुसती पुढे ढकलतो आणि मॅनिफोल्डमधला दाब उलटा येऊन तिला दाबतो. कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर आपल्याच हिशोबात हवा १५० अंशांवर जाते. त्यामुळे त्याला इंटरकूलरची गरज टर्बोपेक्षा जास्त. पण तो इंजिनाच्या डोक्यावर बसलेला असतो, तिथून समोर हवा नेऊन परत आणायला जागा नसते. म्हणून त्याच्या पोटातच पाण्याचा कोअर असतो. त्यातलं पाणी इंजिनाच्या पाण्यापेक्षा वेगळं फिरतं, कारण इंजिनाचं पाणी ९० अंशांच्या आसपास असतं आणि त्याने हवा काय थंड होणार? हे वेगळं पाणी समोरच्या छोट्या रेडिएटरमध्ये जातं आणि एक लहान इलेक्ट्रिक पंप ते फिरवतो. २०१८ च्या डॉज डेमनमध्ये तर हे पाणी एसीच्या गॅसने थंड करायची सोय होती.

या रचनेत पहिल्या एक-दोन धावा नेहमीच उत्तम जातात, कारण चार-पाच लिटर पाणी बरीच उष्णता पिऊन घेतं. नंतर गाडी मरगळली आणि दहा मिनिटं शांत चालवूनही सावरली नाही, तर मी सर्वांत आधी तो पंप बघतो. पंप मेला तरी कित्येक गाड्यांत दिवा लागत नाही. मित्राला सांगा, इंजिन चालू करून त्या वेगळ्या टाकीचं झाकण थंड असतानाच उघडायचं आणि आत टॉर्च मारायचा. काही गाड्यांत पंप गरजेपुरताच चालतो, तिथे तो स्कॅनरने चालू करावा लागेल. पाणी हलताना, वळसे घेताना दिसलं पाहिजे. स्थिर असेल तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले. पाणी हलतंय पण त्यात बुडबुडे येतायत, तर सर्किटमध्ये हवा अडकली आहे, आणि ती बहुधा मधे कधीतरी होज काढला तेव्हाच शिरली असणार. गाडीचं नाक थोडं वर येईल अशी उभी करा, पंप चालू ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत झाकण उघडं राहू द्या, मधेमधे होज दाबून सोडा. हवा निघेल तशी टाकीतली पातळी खाली बसत जाईल. ती भरत राहायची, आणि पातळी दहा मिनिटं हलली नाही की झाकण लावून पुन्हा तीच चार धावांची परीक्षा घ्यायची.